खड्ड्यातला माणूस

यंदा एंगाडीनच्या आमच्या क्लबने कागद बंद केला.
तीनशे मीटरवर आता काळी पेटी, आत माइक;
गोळी गेल्याचं ऐकतात
आणि माझ्या कोपराशी स्क्रीन सांगते: आठ पूर्णांक तीन.
वाद नाही. वाट पाहणं नाही.

बाल्त्सर चाळीस वर्षं तिकडे खड्ड्यात बसायचा.
डोक्यावरून गोळी गेली की लक्ष्य खाली ओढायचा,
भोकावर खळ लावून
टिकलीएवढा कागद,
मग लांब काठीने गुण दाखवायचा.
हुकली तर लाल झेंडा, सावकाश, दोनदा.

पंधराव्या वर्षी माझी पहिली गोळी.
चटईवर पालथी, श्वास धरून
मी झेंड्याचीच वाट बघत होते.
वर आली काठी.
पाच!

परवा बर्फ झाडता झाडता म्हणाला,
"तुझी गोळी मातीत गेली होती, लादिना.
खिशात पेन्सिल होती माझ्या."

आज सेल्जिनाच्या पोरीची पहिली गोळी.
स्क्रीनवर लगेच शून्य,
गोल, स्वच्छ.
पोरगी मान वर करत नाही.
मागच्या बाकावर बाल्त्सर
उगाच कोटाचे खिसे चाचपतोय,
आधी डावा,
मग उजवा.