सदतीस, पुन्हा सदतीस

भट्टीचा घाम की साखर उतरल्याचा,
हे एकतीस वर्षांनंतरही मला
नेमकं सांगता येत नाही.
दोन्ही मानेपासूनच सुरू होतात.

पहाटेचे चार. सार्डिनियाच्या डोंगरातल्या आमच्या गावात
या वेळी जागे असतात मेंढपाळ,
मी आणि पेप्पीना मावशी.
ती कणकेच्या चकत्या लाटते,
मी लांब दांड्याच्या फळीवरून त्या भट्टीत सारते,
टम्म फुगल्या की बाहेर, गरम असतानाच सुरीनं कड कापायची,
एकीचे दोन पापुद्रे, थप्पी लावायची
आणि मोजायचं, मोठ्यानं.

एक पापुद्रा अठ्ठेचाळीस ग्राम. त्यात कर्बोदकं अडतीस.
म्हणजे सकाळी मला जवळजवळ चार युनिट,
रात्री तीन पुरतात.
तोच पापुद्रा, तीच मी.
सकाळचा दर चढा असतो, भाजीबाजारासारखा.

नऊ वर्षांची होते. जूनमध्ये चौकातल्या नळाला
तोंड लावून उभी राहायचे, शेळीसारखी.
आई म्हणाली, उन्हाळा.
बाई म्हणाल्या, लाड.
नुओरोच्या डॉक्टरांनी माझ्या श्वासाचा वास घेतला,
नासक्या सफरचंदाचा,
आणि काही न बोलता फोन उचलला.
तेव्हापासून आईचा पिठाचा काटा माझा झाला.
पास्ता काट्यावर. पीच काट्यावर.
पुढच्या मे महिन्यात माझ्या पहिल्या कम्युनियनचा केकसुद्धा:
पाहुणे उभे, पाद्री उभे,
आई चष्मा लावून काट्यावर वाकलेली.
पोरीची तब्येत तोळामासा, बायका कुजबुजल्या.
तोळा आणि मासा, दोन्ही मला तोंडपाठ होते.

आता दंडावर सेन्सर आहे.
पिठानं, घामानं त्याचा डिंक सुटतो,
मी वरून चिकटपट्टी मारते.
फोन पिठाच्या पोत्यावर असतो,
ठणाणा करतो तेव्हा मी भट्टीत वाकलेली असते.

आज तसंच झालं.
मी म्हणाले, सदतीस.
थप्पी लावली.
म्हणाले, सदतीस.
मावशीचं लाटणं थांबलं.
"बोनारिया, खा."
मला काही झालेलं नाही, मी म्हणाले.
मी असं म्हणाले की झालेलं असतं,
हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.
"तू दोनदा सदतीस म्हणालीस."
तुलाच मोजता येत नाही, मी ओरडले, आणखीही बरंच,
तिच्या मेलेल्या नवऱ्याबद्दलसुद्धा.
तिनं माझ्याच एप्रनच्या खिशातून
साखरेचे तीन खडे काढले
आणि कोकराला औषध देतात तसा
जबडा दाबून तोंडात कोंबले.

बोट टोचलं. बावन्न.

मग ती पंधरा मिनिटं.
पंधरा ग्राम साखर, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा टोचा:
कागदावर किती सोपं.
शरीर म्हणत असतं, अख्खी भट्टी खा,
चीज खा, मध खा, पोतं खा.
मी पायरीवर बसते, हात मांड्यांखाली दाबून,
कारण आत्ता खाल्लेला प्रत्येक जादा घास
नऊ वाजता व्याजासकट दारात उभा राहतो, तीनशे होऊन.
डोंगर अजून काळा. कुठल्याशा कळपाच्या घंटा.
खाली पोस्टमनच्या घरात दिवा लागला.
त्यांच्या धाकट्याची आई उठली असणार,
पांघरुणात त्याचं बोट शोधत.
सहा वर्षांचा आहे.
झोपेतच हात पुढे करतो म्हणे.
या बेटावर आम्ही पुष्कळ आहोत.
का, ते अजून कुणी धड सांगत नाही.

चौऱ्याहत्तर.
गुडघे परत माझे झाले.
मावशी, तुझ्या नवऱ्याबद्दल मी जे बोलले...
"ते खरंच होतं," ती म्हणाली. "पण अडतीस."

हात धुतले. अडतीस.
एकोणचाळिसावा काढताना मोडला.
मोडलेले विकत नाहीत, ते आपले.
आणि सावरल्यावर थोडं काही खायचं असतंच,
बिनसुईचं, बिनहिशोबाचं.
तुकडा तळहातावर घेतला.
कुणी विचारलं नव्हतं, तरी हात तोलू लागला:
एकवीस?
नाही, चोवीस.