लाल मार्कर

वॉल्सॉलच्या चर्च हॉलमध्ये, दर गुरुवारी,
ग्लेनरॉय सरांनी शिकवलं होतं
मनगट धरणं, पिरगळणं, सुरी पाडणं.
रबराची सुरी. पडायचीही,
शहाण्या पोरासारखी.

आज म्हणाले, पांढरे टी-शर्ट घालून या.
आणि कॅलमच्या हातात दिला
टोपण काढलेला लाल मार्कर.

मी मनगट पकडलं. पकडलंच की!
पण तोवर कोपरावर एक रेघ,
बरगडीवर दोन,
आणि कानाच्या पाळीखाली एक,
नुसती टेकल्यासारखी.
कॅलम सतरा वर्षांचा.
दर रेघेला 'सॉरी' म्हणत होता.

सरांनी रेघा मोजल्या नाहीत.
डावा पंजा पुढे केला,
त्यातली दोन बोटं मिटत नाहीत.
"मीही पकडलं होतं.
पाकीट देऊन टाका. पळा.
पुढच्या गुरुवारी पळायचंच शिकू."

घरी मृण्मयीनं शर्ट घासला,
लिंबू लावून, मीठ लावून.
कॉलरशी तिचा हात थांबला.
शाई आहे, मी म्हणालो.
ती काही बोलली नाही.

मग कांदा चिरायला
तिनं मला सुरी दिली, नेहमीसारखी:
मूठ माझ्याकडे,
पातं स्वतःकडे.