तलावाचे पंचाहत्तर

न्हाणीघरात टबाच्या काठावर चढून
डावा खांदा भिंतीला टेकवला
की खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात तलाव दिसतो.
बोटभर. तोही झाडांना पानं फुटेपर्यंतच.
एप्रिल आहे. मी वहीत लिहिते :
तलाव, अधिक पंचाहत्तर.

शिकागो, रॉजर्स पार्क, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
पायऱ्या बेचाळीस, वजा साठ.
रेडिएटर रात्रभर खोकतो, पण त्याचं बिल मालकिणीकडे :
अधिक नव्वद.
स्वयंपाकघरात दोघं उभे राहिले
तर एकाला पोट आत ओढून घ्यावं लागतं.
याला काय लावायचं
ते माझ्या कोष्टकात नाही.

हालिनाबाई दारात, हातात किल्ल्यांचा जुडगा.
"डेल्गाडो सहाशे चाळीस द्यायचा. एकोणीस वर्षं.
वाढवायचं राहूनच गेलं."
चोरी कबूल करावी तशा सांगतात.
डेल्गाडो मुलीकडे गेला, मिलवॉकीला.
भिंतीवर त्याच्या घड्याळाएवढा पांढरा गोल,
बाकी भिंत पिवळी.
रंगकाम : तीनशे, एकदाच.

"मग किती घेऊ?"
भाजीवालीला विचारतात तसं नाही,
डॉक्टरला विचारतात तसं.

मी सगळी गल्ली पालथी घालून आलेय.
कोपऱ्यावर सतराशे, कुत्रा असला तर वर पन्नास.
समोर अठराशे वीस, पण तिथे डिशवॉशर.
चौदाशेला एक आहे, तळघरात,
खिडकीतून जगाचे फक्त बूट दिसतात.
आणि दोन इमारती सोडून,
हिरवा दरवाजा, तळमजला, तेराशे दहा.
तिथे मी राहते.
तो आकडा मी यादीत धरत नाही.
जुना करार, तुलनेला बसत नाही,
असं स्वतःलाच सांगते.

"सोळाशे नव्वद."
हालिनाबाई दचकतात.
मग हसू फुटतं, मग त्या हसण्याचीच लाज वाटून
किल्ल्या मोजू लागतात.

रविवारी अकरा जण जिना चढले.
रात्रपाळी संपवून आलेली एक नर्स
बुटांसकट टबावर उभी राहिली
आणि आतूनच ओरडली, "आहे हो, खरंच आहे!"
तिथल्या तिथे सही.
माझं कमिशन, अर्ध्या महिन्याचं भाडं.

सप्टेंबरात दाराखालून पाकीट सरकलं.
घरमालकाने फार सौजन्याने लिहिलंय :
शेजारची जागा नुकतीच सोळाशे नव्वदला गेली,
आपली तेवढीच आहे,
शिवाय आपल्याला जिना चढावा लागत नाही.

हिशेब बिनचूक आहे.
मीही असाच मांडला असता.

तिच्या खिडकीत आता नुसती पानं असतील.
मी उत्तर लिहायला बसते :
तलाव, वजा पंचाहत्तर.
मग पेन थांबतं.
आणखी काय काय नाही माझ्या घरात,
एकेका खोलीत जाऊन
बघून येते.