हाफ क्राउन

मंगळवारी अकरा ते साडेअकरा
माझी बायको राजा असते.
म्हणजे अगदी राजा नव्हे.
राजा दूर. डंडीत त्याच्या जागी लॉर्ड प्रोव्होस्ट,
आणि प्रोव्होस्टसाहेबांना नेमकी त्याच वेळी
कुठल्याशा पोहण्याच्या तलावाची फीत कापायची,
म्हणून त्यांच्या जागी इश्बेल,
जी काल रात्री सिंकखाली आडवी होऊन
तुंबलेला पाइप उपसत होती.

बोची फीत मी इस्त्री करतो,
ओल्या फडक्याखालून, हलक्या हातानं.
छत्तीस वर्षं बस चालवली मी,
तेव्हा माझा गणवेश तिच्याकडे होता.
आता फिटंफाट.
मधोमध थिसलचं फूल, इवलंसं, टोचरं;
ते कोटावर लागलं की तिचा आवाज खाली येतो,
पाठ सरळ होते,
आणि मी आपसूक गाडीचं मागचं दार उघडतो.

आजची शंभरी : नेटी कार्गिल,
लॉकी, नववा मजला.
लिफ्ट बंद.

राजसत्ता जिना चढू लागली.
तिसऱ्यावर हातमोजे निघाले,
पाचव्यावर टोपी माझ्या काखेत आली,
सातव्यावर ती पायरीवरच बसली,
कुणाच्या तरी साखळी लावलेल्या सायकलीला टेकून.
"राजा येणार असता तर लिफ्ट दुरुस्त झाली असती," मी म्हटलं.
"म्हणून तर मला धाडतात," ती धापा टाकत म्हणाली,
"खरं काय ते कळायला."
कळवायचं कुणाला, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

नेटी खिडकीशी, खुर्चीत.
चौदाव्या वर्षी तागाच्या गिरणीत गेली,
मागांच्या खडखडाटानं कान नेले,
तेव्हापासून माणसांचे ओठ वाचते.
इश्बेलनं कार्ड पुढं केलं,
घोटून घोटून पाठ केलेलं म्हणाली,
"महाराजांच्या वतीनं…"
नेटी ओठांकडे बघत राहिली.
मग हनुवटीकडे.

"तू जीन गेलॅटलीची धाकटी.
शेजारचा माग तिचा.
तुझ्या पहिल्या बुटांसाठी
हाफ क्राउन नेला होता माझ्याकडून.
आला नाही परत."

नातवंडं, पतवंडं, शेजारीण,
फोटो काढायला आलेलं पोरगं,
सगळे केककडे बघू लागले.
क्राउनच्या वतीनं आलेल्या बाईनं
पर्स उघडली,
दोन पौंडांचं नाणं काढलं.
नेटीनं मान हलवली.
"हाफ क्राउन म्हटलं मी."

आजच्या हिशेबात साडेबारा पेन्स.
आणि अर्धी पेनी तर सरकारनंच
कधीची मोडीत काढलेली :
द्यायचे म्हटले तरी चोख देता येत नाहीत.

उतरताना नऊ मजले ती बोलली नाही.
गाडीत पुढं बसली, माझ्या शेजारी.
बो मुठीत.

गुरुवारी तिच्या आईचा बटणांचा डबा
स्वयंपाकघराच्या टेबलावर पालथा झाला.
शिंपल्याची बटणं, हुक, एक दात (कुणाचा, देव जाणे),
आणि तळाशी, काळं पडलेलं,
कुणा जुन्या राजाचं डोकं.

शनिवारी पुन्हा गेलो.
डायरीत नोंद नाही, टोपी नाही, फूल नाही,
जुना रेनकोट.
लिफ्ट तशीच. या वेळी ती दोनदा बसली.

महाराजांचं कार्ड चार घड्या घालून
खिडकीच्या फटीत खोचलेलं,
टे नदीवरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत.
"जाड आहे कागद," नेटी म्हणाली. "कामाचा."
नाणं तिनं उलटंसुलटं केलं,
झिजलेल्या गालावरून अंगठा फिरवला.
"हा ओळखीचा," म्हणाली,
आणि रुमालात गुंडाळून
स्वेटरच्या बाहीत सरकवलं.

"आणि व्याज?" मी विचारलं,
ओठ नीट हलवत.

"किटली तिकडं आहे," नेटी म्हणाली.
इश्बेल उठली.