विनेबल

सिव्हिल लाइन्स, कोर्टाच्या फाटकासमोर
टिनाच्या छपराखाली माझं टेबल.
अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाषांतर पानी चाळीस रुपये.
एप्रिल संपत आलेला.
शिक्क्याचा पॅड अकरालाच वाळून बसतो.

तांडापेठेच्या वच्छला निनावे आल्या,
वकिलाची चिठ्ठी पुढे सरकवली.
चार ओळी इंग्रजी,
तिसरीत एका शब्दाखाली दोनदा रेघ :
विनेबल.

"म्हंजे मी जिंकली?"
नाही, बाई.
"मंग हारली?"
तेही नाही.
"मंग म्हणते तरी काय थो?"

अजिंक्य आहे आपल्याकडे.
किल्ल्याला आहे, चषकाला आहे,
माझ्या साडूच्या पोराचं नावच आहे,
बारावीला तिसऱ्यांदा बसलाय.
पण नुसता 'जिंक्य'?
कोश उघडला, पानं पापडासारखी कडक.
नाही.
जे कुणालाच जिंकता येत नाही
त्याचं नाव ठेवून झालंय आपलं,
आणि जे येईल, कदाचित, वकील आजारी पडला नाही तर,
त्याला हाक मारायला काही नाही.

तरी सांगितलं :
हा शब्द खटल्याला लावतात, सामन्याला, लढाईला.
निवडणुकीत उमेदवारालाही लावतात,
तेव्हा तो पैसे मोजून लावतात.
निकाल लागला की मात्र कुणी वापरत नाही,
जिंकलेल्याला लागत नाही
आणि हरलेल्याला ऐकवत नाही.

त्या ऐकत नव्हत्या.
ओठांत घोळवत होत्या :
विने-बल. विने...
"विनता येते असं, नं?"

नाही हो, ते विणणं वेगळं, हे—

"दिरानं खोलीले कुलूप लावलं
तवा मागावर अर्धं लुगडं होतं.
जांभळं. काठ रुईफुलाचा.
चौदा वर्षं झाली.
थे अजून तसंच असन.
उंदरानं सोडलं असन तं
विनता येते."

मी मशीनवर कागद चढवला.
'सदर दावा जिंकण्याजोगा आहे' असं टाइप केलं,
मग 'जोगा'वर बराच वेळ बोट ठेवून बसलो.
जास्त तर नाही ना झालं?
कमी?

त्यांनी चाळीस रुपये सुटे मोजले,
कागदाची घडी घातली,
ताणा तपासावा तशी उन्हात धरून पाहिली.

पुढची तारीख सतरा जून.