अपूर्ण ठेवा

गोसे हुकेमा चौथ्या मजल्यावर राहतो
आणि एकेचाळीस वर्षं पाण्यावर झोपलेल्या माणसाला
ग्रोनिंगनच्या जमिनीवर झोप येत नाही.
"इथं काहीच हलत नाही, विप्की," लिफ्टमध्ये म्हणाला,
"भिंतीसुद्धा जागच्या जागी."

मी तिसऱ्या मजल्यावरची. इस्पितळात रात्रपाळी करते.
संगणकातलं मला कळतं ते एवढंच
की सूचना शेवटपर्यंत वाचायच्या.
तेवढ्यावर त्याने मला गुरू केलं.

रविवार. मेणकापडावर वाटाण्याचं सूप
आणि पाठ्यपुस्तकाएवढा काळा डबा, पंखा नसलेला.
सर्व्हरचा पत्ता. पोर्ट पाचशे त्रेसष्ट.
कुलूपबंद जोडणी: हो.
एका वेळी किती जोडण्या?
"म्हणजे किती दोर टाकू?"
आठ, मी म्हटलं.
"आठ दोरांत मी अख्खं शहर धक्क्याला बांधलं असतं."
पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पुटपुटत टाकला,
म्हणून मला ऐकू आला:
बोटीचं नाव आणि ती विकली ते साल.

जगात अशी माणसं आहेत,
ड्रेन्थमध्ये, गेंटमध्ये, डॅन्यूबच्या काठी कुठेतरी,
जी जुन्या एकसिलिंडरी इंजिनांचे आवाज धरून ठेवतात
आणि तुकडे तुकडे करून न्यूजग्रुपवर सोडून देतात.
कुणासाठी म्हणून नाही.
त्यांच्यावर आम्ही पहारा बसवला:
दर पंधरा मिनिटांनी बघ, 'डिझेल' दिसलं की उचल,
जोड, उलगड, या फोल्डरात ठेव.

पहिल्या रात्री आल्या तीन मोटारसायकली,
एक जनरेटर,
आणि कुणाच्या तरी ट्रॅक्टरची चाळीस मिनिटं, मध्ये कुत्रं.
गोसेने नकोशा शब्दांची यादी केली
जकातनाक्यावरच्या कारकुनासारखी, चष्मा कपाळावर.
नंतर मात्र रोज.
सुट्टीच्या रात्री मी आडवी पडायची
आणि माझ्या छतावरून बोटी जायच्या:
टुक्, टुक्, टुक्, आणि एक श्वास गिळल्यासारखा.

नोव्हेंबरात पहाटे कामावरून आले तर जिन्यात उभा,
पायात एकच मोजा.
"ती आली."
तीच. नोइट खेदाख्त, म्हणजे ध्यानीमनी नसलेली.
दोन हजार नऊ साली कुणीतरी काठावरून टिपलेली,
कुणी ते त्याला आजही माहीत नाही.
दोनशे बारा तुकडे. त्यातले नऊ
सर्व्हरनेही कधीचे टाकून दिलेले.

दुरुस्तीचे ठोकळे सोबत असतात. विलक्षण गोष्ट:
कुठला तुकडा हरवेल हे आधी न ठरवता
ते कुठल्याही हरवलेल्याची जागा घेतात.
आमच्याकडे ओ निगेटिव्ह रक्त असतं, तसं.
नऊ हवे होते. होते चार.
आणि चारांनी चारही भरत नाहीत;
हा हिशोब सगळा किंवा काहीच नाही असा.

आहे तसंच लावलं.
पाणी, एक बगळा बहुधा, आणि मग ती.
दुसऱ्या मिनिटाला आवाज तुटला.
गोसेने मान वर न करता
बोटाच्या सांध्याने मेणकापडावर ठोके धरले,
टुक्, टुक्, चमचा हलत होता बशीत.
आवाज परत आला तेव्हा
तो अर्ध्या ठोक्याने मागे होता.
"तिला कायम घाई," म्हणाला.

मी सूप गरम करायला उठले.
पडद्यावर लाल पट्टी: अपयशी.
खाली, कुणी न विचारता आधीच टिचकी दिलेला चौकोन,
'अपूर्ण डाउनलोड आपोआप पुसून टाका.'
त्याने तो मोठ्याने वाचला, अक्षर अक्षर,
चष्मा शोधला, कपाळावरच होता,
आणि टिचकी काढली.