मिरजेचं तिकीट

पाळकसाहेब म्हणाले, या रविवारी
अब्राहामाच्या विश्वासावर तुम्हीच बोला, शांतवनमास्तर.
रात्री पुस्तक उघडलं.
‘जा’ हा शब्द पलीकडच्या पानावर,
बोट मात्र अलीकडंच अडकलं.

तिथं नुसती नावं. उपासनेत ती कुणी वाचत नाही.
तेरह. त्याचे अब्राम, नाहोर, हारान.
हारान ऊर गावी बापाच्या डोळ्यांदेखत गेला,
मागं त्याचं पोर, लोट.
साराय सून, तिची कूस रिकामी.
कोण किती रडलं ते लिहिलेलं नाही.

मी तेव्हा शांतवन नव्हतो. खानापूरचा भरमा होतो.
मलप्रभेच्या काठची चिकण माती,
कौलांच्या भट्टीचा धूर,
आणि आमचे अप्पा
गणपतींच्या रांगेपुढं उकिडवे.
डोळे सगळ्यांत शेवटी काढायचे,
तोवर घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

थोरला कल्लाप्पा मातीच्या खाणीत दबला.
अप्पांनी हातांनी उपसला त्याला,
ज्या मातीत पाय घालण्याआधी
रोज वाकून नमस्कार करायचे, तिच्यातून.
त्या साली सतरा मूर्ती डोळ्यांविना राहिल्या.
लोक आले, खाली बघत
इसार परत घेऊन गेले.

मग एका पहाटे चाक, साचे, कल्लाप्पाचा गुंडू,
मी आणि नागव्वा,
लग्नाला सहा वर्षं, पाळणा नाही,
असे सगळे स्टेशनावर.
मिरजेत कोण आहे आपलं?
अप्पा म्हणाले, “ठावं नाही रे. हितं नको, एवढंच ठावं.”

बेळगावला गाडी थांबली.
फलाटावर कुणीतरी हाक मारली, “कल्लाप्पाऽ!”
दुसऱ्याच कुणाला.
अप्पा उतरले.
“इल्ले इरोण,” म्हणाले. “राहू की दोन दिवस.”
अनगोळात एकतीस वर्षं राहिले,
तिथंच गेले.

तेरहही कनानलाच निघाला होता.
वाटेत हारान नावाचं गाव लागलं.
मूळ भाषेत म्हणे दोन्हींचं पहिलं अक्षर वेगळं आहे.
असेल. बापाच्या कानाला काय त्याचं?

कुणी सांगतात, पोरानं बापाच्या मूर्ती फोडल्या.
माझ्या पुस्तकात तसं काही नाही,
माझ्या हातूनही झालं नाही.
बाप्तिस्मा घेऊन घरी आलो त्या संध्याकाळी
जिन्यातच थबकलो होतो.
अप्पा वर न बघता म्हणाले, “जेवलास काय?”
साचे अजून माळ्यावर आहेत.
नागव्वा वर्षातून एकदा पुसते,
का म्हणून मी विचारत नाही.

रविवारी काय बोलू?
ज्याला हाक आली, त्याचं सगळेच सांगतात.
ज्याला आली नाही,
किंवा अर्धीच ऐकू आली, भलत्याच नावानं,
आणि तरी ज्यानं आधी कडी लावून किल्ली शेजारी दिली,
त्याच्यावर कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

बोट अडकलं ते पुठ्ठ्याच्या तिकिटाला.
खानापूर ते मिरज. कोपरे मऊ झालेत.
खूण म्हणून मीच ठेवलं असणार, कधीतरी.

गुंडू आता मिरजेला नोकरीत आहे.
शनिवारी येतो, पिशवीत द्राक्षं,
चपला काढता काढता म्हणतो,
“लांब कुठं हो काका, तीन तास.”